नको म्हणायला शिकलेली टपालपेटी

मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की बहुधा रडायला लागतात. फुटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते, आणि शेवटी 'आम्हाला जपा हो' म्हणून तुमच्यापुढे हात जोडते. मी तसली नाही. मी एक जुनी टपालपेटी आहे, मुंबईच्या वेसावे कोळीवाड्यात, मागच्या गल्लीत लहू नाखव्याच्या दाराशेजारी टांगलेली, आणि मी कुणापुढे हात जोडणार नाही. एक तर मला हात नाहीत. दुसरं म्हणजे माझ्या लाकडात खारं पाणी मुरलेलं आहे.

माझा जन्म कुठल्या दुकानात झाला नाही. लहूच्या वडिलांची एक बोट होती. ती थकली तेव्हा तिला किनाऱ्यावर ओढून तिच्या फळ्या सुट्या केल्या. काही फळ्यांचे पाट झाले, काहींचा माळा झाला, आणि उरलेल्या एका सागाच्या फळीतून लहूनं मला घडवलं. तेव्हा तो विशीतला होता, नुकतं लग्न झालेलं, अंगात उत्साह मावत नव्हता. चौदा वर्षांपूर्वी त्यानं स्वतःची नवी बोट बांधली, तिचं नाव जानकीमाता. म्हणजे नात्यानं मी जानकीमातेची मावशी लागते. ती हे कधी कबूल करत नाही, पण म्हणून नातं तुटत नाही.

दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी बोट रंगवायची आणि डब्यात उरलेला निळा रंग मला द्यायचा, असा आमच्या घरचा रिवाज होता. रंग ओला असताना गल्लीतली पोरं मला बोट लावून पळायची आणि लहूची बायको द्रौपदी त्यांच्या मागे लाटणं घेऊन धावायची. ते माझे कौतुकाचे दिवस. पोस्टमन नंदकुमार तर सगळ्या गल्लीत सांगायचा की वेसाव्यात इतकी देखणी पेटी दुसरी नाही. तो देवगडकडचा. वीस वर्षं याच गल्लीत टपाल वाटतोय, आणि दर खेपेला द्रौपदीकडून मूठभर सुके बोंबील घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही.

माझ्या पोटात काय काय येऊन गेलं! हळदीची बोटं लावलेल्या लग्नपत्रिका आल्या, विम्याचे कागद आले, लहूची मुलगी समीक्षा हिच्या परीक्षेचा निकाल आला. मग हळूहळू माणसं मोबाईलमध्ये शिरली आणि माझ्याकडे येणं कमी झालं. बोटीला रंग लागत राहिला, माझ्या वाट्याचा डबा मात्र सहा वर्षांत कुणी उघडला नाही. तेही मी सोसलं. कुरकुर केली नाही.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खुपत होती. सत्तावीस वर्षांत माझ्या पोटात सासऱ्याच्या नावाची पत्रं आली, सासूच्या नावाची आली, लहूच्या आणि समीक्षाच्या नावाची आली. द्रौपदीच्या नावाचं एकही आलं नाही. माझी किल्ली तिच्या कमरेला, रोज मला उघडणार ती, आणि तिच्यासाठी माझ्याकडे कधी काही नाही. तिला त्याचं काही वाटत होतं की नाही, हे तिनं दाखवलं नाही. मला वाटत होतं.

आता गोष्टीच्या मुळाशी येते.

द्रौपदी बाजारात मासळी विकते. तिचा बसायचा ओटा तिच्या सासूचा, माणिकबायचा. माणिकबाय दोन वर्षांपूर्वी गेली. ओट्याचा परवाना तिच्या नावावर होता, तो आपल्या नावावर व्हावा म्हणून द्रौपदीनं बाजाराच्या ऑफिसात अर्ज केला. बोलावणं टपालानं येईल, असं तिथे सांगितलं. तेव्हापासून ती रोज नंदकुमारला विचारायची, "आलाय काय रं नंदू, माजा कागूद?" आणि तो मान हलवायचा. रिकामा ओटा दिसला की त्यावर आपल्या बर्फाच्या पेट्या मांडायला टपलेली माणसं बाजारात कमी नव्हती. ओटा गेला असता तर वीस वर्षं मांडी घालून बसलेली बाई टोपली घेऊन रस्त्यावर आली असती. ते तिला माहीत होतं आणि मलाही.

आणि नेमकं त्याच वर्षी लहूनं एक पराक्रम केला.

समीक्षाला मोबाईल घ्यायला बापलेक अंधेरीच्या एका मॉलमध्ये गेले होते. तिथे एका टेबलावर सोडतीचे फॉर्म भरून घेत होते, पहिलं बक्षीस मोटारगाडी. लहूनं फॉर्म घेतला आणि ऐटीत लिहिलं, जानकीमाता. समीक्षानं कपाळावर हात मारला.

"पप्पा, यार, माणसाचं नाव लिहायचं असतं!"

"माजे नावानी कंदी काय लागलाय?" लहू म्हणाला. "बोटीचे नावानी लागल."

यात त्याची चूक म्हणावी तर आहे, म्हणावी तर नाही. आमच्याकडे पहिला नारळ बोटीचा, पहिला हार बोटीचा, सणाला पहिला घाससुद्धा बोटीचा. नशिबाचं कुठलंही काम बोटीच्या नावानं करायचं, ही त्याच्या वाडवडिलांची रीत. त्यानं वय चौदा लिहिलं, मग फॉर्मवाली मुलगी 'अठराच्या वर हवं' म्हणाली म्हणून चव्वेचाळीस केलं. खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत मोफत मासिकांबद्दल काहीतरी छापलेलं होतं, त्यावरही खूण करून टाकली. मोटारगाडी लागली नाही. महिन्याभरानं नंदकुमारनं माझ्या तोंडात एक जाडजूड मासिक कोंबलं. वर पत्ता होता, श्रीमती जानकीमाता, मागची गल्ली, वेसावे.

मित्रांनो, तो कागद माझ्या पोटात पडला आणि मला मळमळलं. गुळगुळीत, सेंटाचा वास येणारा. एकामागून एक यायलाच लागले. घर कसं सजवावं याचं मासिक आलं. परदेशात सुट्टी कुठे घालवावी याचं आलं. मग कंबर बारीक कशी ठेवावी याचं आलं, आणि आमच्या जानकीमातेची कंबर तर बारा फूट! लहू आधी हसला, मग त्यानं हसणं सोडलं. द्रौपदीनं सुकी मासळी बांधून बघितली, तर तो कागद ओल पीत नाही आणि वर मासळीला सेंटाचा वास लागतो. एका गिऱ्हाइकानं बोंबील परत आणून दिले.

"कोनी मागवला यो?" द्रौपदी गरजली. "ज्यानी मागवला त्यानी बंद कराचा!"

लहू जाळं शिवायचं निमित्त करून निघून गेला. तेव्हा तिनंच समीक्षाला फोन लावायला सांगितला. फोन दारातच चालला होता, त्यामुळे मी शब्दन् शब्द ऐकला.

"नमस्कार, मी गार्गी बोलतेय," पलीकडून गोड आवाज आला. "जानकीमाता मॅडमशी बोलू शकते का?"

"ती घरान नाय."

"कधी येतील?"

"भरती आली का येल."

"मॅडम, मासिकं बंद करायची तर स्वतः ग्राहकांनीच बोलायला लागेल."

"तिला बोलता येत नाय गं बाय."

"अरेरे. मग त्यांच्या सहीचं पत्र पाठवाल का?"

"तिला हात पन नाय!"

"आई, सरळ सांग ना बोट आहे म्हणून," समीक्षा कुजबुजली. पण द्रौपदीला आपण काय वाकडं बोललो तेच कळेना. तिच्या घरात सगळे जानकीमातेला 'ती'च म्हणतात. पलीकडच्या गार्गीचा आवाज एकदम हळवा झाला. "मॅडम, ऐकून खरंच खूप वाईट वाटलं. अशा परिस्थितीत वाचनाचाच आधार असतो. आमच्याकडून त्यांना आणखी सहा महिने सगळी मासिकं मोफत, आणि आरोग्याचं एक जास्तीचं." आणि फोन बंद झाला.

समीक्षा पायरीवर बसून पोट धरून हसत होती. द्रौपदी हसली नाही. तिनं माझ्याकडे बोट दाखवून जाहीर केलं, "मी मागवला नाय, मी काडनार नाय. र्‍हाउंदे तितंच. कुजूंदे." त्या दिवसापासून तिनं मला उघडायचंच बंद केलं. तिचा कागद आला तर नंदकुमार हातात देणारच होता, तेव्हा मला उघडायची गरज काय?

तिचा राग मला पटत होता. पण रागाच्या भरात दार बंद केलं की आत काय अडकलंय ते दिसत नाही, हे मला लवकरच कळणार होतं.

नंदकुमार दहा दिवस गावाला गेला. त्याच्या जागी एक नवखा बदली पोस्टमन आला. त्याला ना गल्ली माहीत, ना द्रौपदीचा कागद. तिसऱ्या दिवशी त्यानं एक पातळसं खाकी पाकीट काढलं. माझं तोंड मासिकांनी गच्च भरलेलं. पाकीट बाहेर पडून उडून जाऊ नये म्हणून त्यानं ते चांगल्या मनानं एका मासिकाच्या घडीत खोचलं आणि ते मासिक दाबून आत ढकललं.

घडीबाहेर राहिलेला पत्ता माझ्या फळीला घासून आत गेला. श्रीमती द्रौपदी लहू.

मित्रांनो, सत्तावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते पत्र माझ्या पोटात आलं आणि मला ते देता येईना! द्रौपदी दिवसातून दहा वेळा माझ्यासमोरून जायची. टोपली घेऊन जायची, पाणी घेऊन जायची, आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायची. मी आतून ओरडत होते. कंबर बारीक करायच्या एकवीस युक्त्यांच्या खाली तिचा ओटा अडकला होता. मला त्या चकचकीत कागदांचा इतका संताप आला की माझ्यात वाळवी असती तर मी तिला जेवायला बोलावलं असतं.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी सकाळी द्रौपदी बंदरावरून मासळी घेऊन घरी आली. भाकरी खाऊन ती पुन्हा निघायच्या तयारीत होती. तेवढ्यात बदली पोस्टमन आला. त्याच्या हातात वार्षिक विशेषांक होता, विटेएवढा जाड, वर चेहऱ्याला लावायच्या मलमाची पुडी चिकटवलेली. माझ्यात जागा नव्हती. त्यानं अंगठ्यानं रेटलं, मग तळहातानं, मग खांदा लावला.

बस्स, म्हटलं. आता नाही!

मी ज्या खिळ्यावर टांगलेली होते तो खाऱ्या हवेनं गंजला होता, असं लहू नंतर म्हणाला. वजन जास्त झालं, असं समीक्षा म्हणाली. म्हणू देत. मी सांगते, तो खिळा मी सोडला. सत्तावीस वर्षं धरलेली भिंत मी स्वतःहून सोडली, धाडकन उंबऱ्यावर आदळले, कडेची फळी फुटली, कुलूप उडालं आणि पोटातली सगळी मासिकं मी अंगणभर ओकून टाकली.

"मेला कोन?" म्हणत द्रौपदी बाहेर आली. पोस्टमन घाबरून तसाच उभा. मासिकांच्या पसाऱ्यात एक खाकी पाकीट पडलेलं समीक्षाला दिसलं. तिनं ते उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, तुझं आहे. ओट्याचं. 'मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, गैरहजर राहिल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.'"

"कंदी?"

"आज. अकरा वाजता."

घड्याळात सव्वादहा झाले होते. द्रौपदी क्षणभर पायरीवर बसली. मी तिला इतक्या वर्षांत इतकी घाबरलेली पाहिली नव्हती. मग ती उठली. बिस्किटांच्या डब्यातून सासूच्या मृत्यूचा दाखला, जुना परवाना, रेशनकार्ड काढलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि निघाली. समीक्षा रिक्षा थांबवायला पुढे धावली. मी उंबऱ्यावर आडवी पडून गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिले.

दुपारी दोघी परतल्या. द्रौपदीच्या चालीवरूनच मला कळलं. अकराला दोन मिनिटं कमी असताना ती तिथे पोचली होती. साहेबानं विचारलं, "पत्र आठवड्यापूर्वीच गेलंय, आज धावत कशाला आलात?" तर ती म्हणाली होती, "साहेब, कागूद माजे दारान अडकला होता. मी नाय अडकले." कागद तपासून झाले, अर्ज पुढे गेला. परवाना टपालानं येणार होता.

संध्याकाळी लहूनं मला उचललं, फुटलेली फळी बघितली आणि म्हणाला, "समदा मोबाईलवर येते आता. टाकून देऊ हिला."

"हात लावून बघ!" द्रौपदी म्हणाली. "ती पडली म्हनून माजा ओटा र्‍हायला. तू भरलेला फारम तिनी भोगला. गुमान नीट कर."

लहूनं गुमान नीट केलं. जानकीमातेच्या डागडुजीतली फळी माझ्या कुशीला लावली, पितळेचा खिळा ठोकला, आणि द्रौपदीनं सांगितलं तशी माझ्या तोंडावर आडवी पट्टी मारली. आता माझ्या तोंडात पाकीट मावतं, मासिक मावत नाही.

दोन दिवसांनी नंदकुमार गावाहून आला. सगळी हकिकत ऐकून त्यानं आधी कानाला हात लावला. मग पिशवीतून आणखी दोन मासिकं काढत म्हणाला, "नको आसात तर घेव नको. वर नाकारलां म्हणान लिवन् दी, परत धाडूचां काम माझां. पण ज्येच्या नावान ईलां तेणीच नाकारूक व्हयां. जानकीमाता सई कशी करतली?"

द्रौपदी वळली. आत गेली आणि माळ्यावरून बोटीच्या निळ्या रंगाचा डबा घेऊन आली. तिनं डब्यात उजवा हात मनगटापर्यंत बुडवला आणि त्या गुळगुळीत मासिकावर, थेट पत्त्याच्या शेजारी, पाचही बोटं उमटवली. मग दुसऱ्यावर.

"तिला हात नाय असा मी म्हनलेली," ती म्हणाली. "आजपासून हाय."

नंदकुमारनं तो ठसा उजेडात धरून बघितला. "सई बरी आसा," म्हणाला, आणि त्यानं मासिकं पायरीवर पसरली. उमटलेला रंग वाळेपर्यंत बोंबील खात बाजूला बसला, मग त्यानं ती पिशवीत परत टाकली.

मग काय विचारता! शेजारच्या चेतनाकडे मोटारगाड्यांचं मासिक यायचं, घरात सायकलसुद्धा नव्हती. ती ते घेऊन आली, "द्रौपदीबाय, माजेवर पन मार गं हात." "तुजा तू मार," द्रौपदी म्हणाली आणि डबा पुढे केला. पंधरवड्यात आमच्या गल्लीतून निळ्या हातांचा एक गठ्ठा परत गेला. महिन्याभरानं गार्गीचा फोन आला, आवाज गोंधळलेला. "मॅडम, आमच्याकडे जानकीमाता मॅडमना हात नाहीत अशी नोंद आहे, पण परत आलेल्या अंकांवर..."

"उगवला," द्रौपदी म्हणाली. "आनि अंक आला तर दुसरा पन उगवल." त्यानंतर मासिकं आली नाहीत.

यंदा नारळी पौर्णिमेच्या आधी जानकीमातेला रंग लागला तेव्हा उरलेला डबा लहू न सांगता माझ्याकडे घेऊन आला. सहा वर्षांनी मी निळी झाले. रंग ओला असतानाच नंदकुमार आला. त्याच्या हातात एक लांबट पाकीट होतं. द्रौपदीनं हात पुढे केला, पण त्यानं तिच्या हातात दिलं नाही.

"थांब गे," तो म्हणाला. "तिकाच देवक दी माका." आणि ते पाकीट त्यानं माझ्या अरुंद तोंडातून हळूच आत सोडलं.

द्रौपदीनं कमरेची किल्ली काढली, मला उघडलं आणि पाकीट फोडून उजेडात उभी राहिली. तिला वाचायला वेळ लागतो. अक्षरावर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचत गेली. "श्रीमती. द्रौपदी. लहू. ओटा क्रमांक तेवीस." मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. लहू डबा हातात घेऊन उभाच होता. तिला हसू येत होतं आणि डोळेही पुसायचे होते, म्हणून तिनं आधारासाठी भिंत समजून माझ्यावर हात टेकला. ओल्या रंगात पाच बोटं उमटली. लहू ती पुसायला ब्रश घेऊन पुढे झाला, तर तिनं त्याचा हात धरला.

तर मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं मी बघून घेईन. तुम्ही एवढंच करा. न मागता दारात आलेल्या प्रत्येक गोष्टीला जागा देऊ नका, नको असेल तर नको म्हणा, आणि रागावून दार बंद करण्याआधी आत एकदा हात घालून बघा. आत तुमच्या नावाचं काहीतरी असेल. आता मलाही एक हात आहे, कपाळावर, निळा. तो जोडण्यासाठी नाही.